मार्वेच्या धक्क्यावरून उत्तनला

मालाडच्या ऑर्लेमहून उत्तनच्या वेलंकनी मातेच्या देवळाकडे पहाटे साडेपाचला पायी निघालो तेव्हा आम्ही चाळीसजण होतो. उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांतला शुक्रवार, म्हणून जपमाळेतली दुःखाची रहस्ये. मार्वे रोड साधारण साडेचार किलोमीटर. पहिली माळ तिथेच संपली आणि शेवटचं रहस्य म्हणताना खाडीचा वास आला.

मार्वेला पोहोचण्याआधी तिथी पाहून ठेवावी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते, आणि तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. त्या दिवशी द्वितीया होती. म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी सात-साडेसातला, नेमकी आमच्या मनोरीला जायच्या होडीच्या वेळी. पाणी उतरलं की होडी धक्क्यापासून लांब थांबते. मग शेवाळलेल्या दगडांवरून आणि रेंद्यातून जावं लागतं. बूट हातात घ्यायचे, पलीकडे पाय पुसून कोरडे करायचे आणि मगच मोजे चढवायचे, हे मला पाठ आहे. तरी मागून "चला, चला" सुरू झालं आणि मी बुटांसकट उतरले. घोट्यापर्यंत पाणी आत गेलं.

त्या घाईचा राग मनोरीच्या किनाऱ्यापर्यंत गेला नाही. हातातला लाऊडस्पीकर सगळ्यांत पुढे, त्यामागे तरुण मुलं, आणि शेवटी गुडघे धरून चालणाऱ्या बायका. दर रहस्यानंतर थांबायचं ठरलं होतं, पण पुढचे थांबत नव्हते. मागे कोणीतरी नेमलेलं माणूस हवं, त्याच्याकडे पाणी आणि औषधांची पिशवी हवी, आणि सगळ्यांचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा हवा. ही मागणी मी दर वर्षी करते. राग मनात असतानाच माळेतली "नमो मरिये" ही प्रार्थना तोंडातून येत होती आणि मला ती खोटी वाटत नव्हती.

ओहोटीची ओली वाळू चालायला घट्ट असते, डांबरापेक्षा पायांना सोसते. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत मात्र पाय रुततो आणि टाच बुटात वरखाली घसरते. आम्ही ओल्या वाळूवरूनच चाललो. पण माझे मोजे आधीच भिजलेले होते आणि त्यांत वाळूचे कण शिरले होते. ओली कातडी मऊ पडते आणि मोज्याला चिकटते. मग वरचा थर मोज्याबरोबर ओढला जातो, आतला हाडाबरोबर राहतो. दोन थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. फोड तो हाच. टाच गरम लागायला लागते तेव्हाच थांबून मोजा बदलला आणि कागदी चिकटपट्टी लावली तर तो येत नाही. मला ती ऊब मनोरी गावातच जाणवली होती. सुका मोज्यांचा जोड पाठीवरच्या पिशवीत होता. थांबले असते तर मागे राहिले असते, म्हणून थांबले नाही.

गोराईत शिरलो तेव्हा अकरा वाजले होते आणि मला टाच टेकवता येत नव्हती. स्पीकरचा आवाज वळणापलीकडे गेला. एका क्रुसाच्या चौथऱ्यावर बसले. आमच्या गावठाणांतले असे कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगनंतर उभे राहिले. साथ गावात येऊ नये म्हणून लोकांनी वेशीवर क्रूस बांधले आणि संध्याकाळी तिथे माळ म्हटली. या क्रुसाला झेंडूची ताजी माळ होती.

समोरच्या अंगणात चटईवर मिरच्या वाळत होत्या. मार्च ते मे हे मसाल्याचे दिवस. लुगड्यातल्या एक वयस्क बाई मिरच्या उलटत होत्या. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस गो बाय, बूट काढ."

आधी त्यांनी हात धुतले. साबणाने एकदा, मग राख घेऊन पुन्हा, मग परत साबणाने. म्हणाल्या, मिरचीचा हात पाण्याने जात नाही, नखांत राहतो, आणि तुझ्या जखमेला लागला तर घरी जाईपर्यंत रडशील. एका पातेल्यात कोमट पाणी आणि मूठभर मीठ आणलं, पाय त्यात दहा मिनिटं ठेवायला लावले. मग सुई. चुलीच्या जाळावर लाल होईपर्यंत धरली, निवू दिली. फोड रुपयाएवढा होता आणि टरटरून भरलेला. लहान असता तर हातही लावायचा नाही, असं त्या म्हणाल्या. पण त्यावर अजून चालायचं होतं. त्यांनी कडेला, अगदी चामडीच्या मुळाशी, दोन ठिकाणी टोचलं आणि स्वच्छ फडक्याने हळूहळू दाबून पाणी काढलं. वरची कातडी तशीच ठेवली. "ती काढायची नाय. तीच पट्टी." काही लोक फोडातून दोरा ओवून ठेवतात. मी विचारलं तर मान जोरात हलवली, दोऱ्याने घाण आत जाते. माझी कागदी पट्टी त्यांनी स्वतः लावली, सुरकुती न पाडता, आणि टोकं कात्रीने गोल कापली. चौकोनी टोक मोज्यात अडकून उलगडतं, म्हणून गोल.

तासभर तिथेच गेला. माझा पाय वाळत होता तेवढ्यात त्यांनी मागच्या वर्षीच्या मसाल्याची बाटली आणून दाखवली. काश्मिरी मिरची रंगाला, रेशमपट्टी तिखटाला, त्यात धणे, हळद, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ, शिवाय सगळा गरम मसाला. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ करपायला लागतात तेव्हा धणे अजून कच्चे असतात. कांडून झालं की तपकिरी बाटलीत काठीने ठोकून भरायचं, हवा राहता कामा नये. हवा राहिली की जाळी धरते. पांढऱ्या काचेत उजेडाने रंग उडतो, म्हणून बियरचीच बाटली. आम्ही बोलत होतो ती आमची मराठी, घरातली. ईस्ट इंडियन हे नाव आमच्या लोकांनी, मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. ही बोली आणि ही बाटली त्याच्या कितीतरी आधीची.

निघताना मी पैसे विचारले नाहीत, विचारायची जागाच नव्हती. क्रुसासमोर "आमच्या बापा" ही प्रार्थना एकदा म्हटली. त्यांनी मागे उभं राहून साथ दिली.

पुढचं अंतर सहा-सात किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता उन्हाचा. मीठ-साखरेचं लिटरभर पाणी लागलं. गोराई मुंबईत, उत्तन मीरा-भाईंदरमध्ये, पण गावं एकाच जुन्या धारावी बेटावरची (मुंबईतली धारावी वस्ती वेगळी). १७३९ साली वसई पडण्याआधी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हे बेट घेतलं होतं. राज्यं बदलली, देवळातली मिस्सा, म्हणजे उपासना, चालू राहिली.

उत्तनला वलांड्यांवर, मासळी वाळवायच्या बांबूंवर, बोंबील टांगलेले होते, दोन-दोन जबड्यात जबडा अडकवून. वाऱ्याबरोबर सगळी रांग एकदम हलत होती. वेलंकनीच्या देवळात पोहोचले तेव्हा आमचे लोक जेवून उठत होते. मेणबत्ती लावली. कोणाशी बोलले नाही, राग उरला नव्हता आणि शब्दही नव्हते. समुद्राकडच्या दाराशी दोन कोळणी गुडघे टेकून बसल्या होत्या, डोक्यावर पदर, ओठ हलत होते. त्यांच्या होड्या बाहेर होत्या.

भाईंदरच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली तेव्हा तळाशी काहीतरी जड लागलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी बाटली, बुचावर कापड बांधलेलं. मी पाय वाळवत डोळे मिटून बसले होते तेव्हाच मावशींनी ती पिशवीत टाकली असणार. तपकिरी बाटल्या आता मिळत नाहीत, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. रिकामी झाली की धुऊन, उन्हात वाळवून, पुढच्या उपवासकाळात परत न्यायची आहे.