जुन्या पेठेतल्या पायवाटेला निधी कसा मिळतो

विदर्भातली बाळापूर, कारंजा, अचलपूर, पवनी. वेशी, तट आणि अरुंद बोळ असलेल्या या गावांत पायी आणि सायकलने फिरण्याजोगा रस्ता करायचा, तर त्या नावाची योजना शोधत बसू नका. पैसा निघतो तो जिल्हा वार्षिक योजनेतून, आमदार निधीतून, नगर परिषदेच्या वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून नाहीतर प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाची अट नसलेला) निधी वापरता येतो, पण काम आधीच गावाच्या विकास आराखड्यात हवं.

फाईल अडते ती बहुतेकदा जागेवर. नकाशात चार मीटर दिसणारा बोळ ओटे-पायऱ्यांनी अडीचवर आलेला असतो. भूमी अभिलेखची मोजणी आधी करा, अंदाजपत्रक नंतर.

मग स्मारक. बाळापूरचा किल्ला केंद्र संरक्षित, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. तिथे ‘नवीन सायकल मार्ग’ मागितला की संपलं. ‘अस्तित्वातील रस्ता व नालीची दुरुस्ती’ मागा, आणि काम खरंच तेवढंच ठेवा. दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागतेच.

तसंही दोन मीटरचा वेगळा सायकल ट्रॅक बोळात मावत नाही. सगळ्यांसाठी एकच सपाट रस्ता हेच शहाणपण.

अंदाजपत्रकात जुना थर खोदून काढण्याची बाब स्वतंत्र धरा. थरावर थर चढवला की वाड्याचं जोतं रस्त्याखाली जातं आणि पावसाळ्यात मातीच्या भिंतीत पाणी मुरतं. लोक कामाच्या विरोधात जातात ते इथे, आणि त्यांचं बरोबरच असतं. काळ्या मातीवर थेट पेव्हर (सिमेंटचे ब्लॉक) बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात लाटा येतात. माती काढून मुरूम दाबा, वर खडीचा थर. ट्रॅक्टर जाणार असेल तर 60 नव्हे, 80 मिलिमीटर जाडीचा, एम-40 प्रतीच्या काँक्रीटचा ब्लॉक. गाड्या अडवायचे खांब काढता येणारेच लावा, नाहीतर कापसाची बंडी (बैलगाडी) अडली की गावच ते उपटतं. नळाची पाइपलाइन बाकी असेल तर आधी ती.

प्रस्तावासोबत ठराव, मोजणीची प्रत, अंदाजपत्रक, हे काम दुसऱ्या योजनेत घेतलं नसल्याचा दाखला आणि देखभालीचं हमीपत्र जोडा. हे सगळं दिवाळीआधी पोचवा. मार्चअखेर निधी खर्ची पडायचा असतो आणि मधे आचारसंहिता लागली तर निविदाच निघत नाही.