सेंट पॉलची ग्रीन लाइन आणि तीन जास्तीची स्टेशनं

अमेरिकेत गाडीशिवाय पान हलत नाही असं आपल्याकडे म्हणतात, आणि मिनेसोटात ते बऱ्यापैकी खरंही आहे, पण मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांमध्ये २०१४ च्या जूनपासून ग्रीन लाइन नावाची लाइट रेल, म्हणजे शहरातल्या रस्त्यावरून जाणारी छोटी ट्रेन, धावते. साधारण १८ किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध रूळ, खर्च ९५ कोटी डॉलरच्या वर.

लाइट रेल आली की आजूबाजूला बिल्डिंगा उठतात, जागेचे भाव चढतात, हे इथेही झालं. स्नेलिंग स्टेशनजवळ जिथे पूर्वी बसचं गॅरेज होतं तिथे २०१९ मध्ये फुटबॉलचं स्टेडियम उभं राहिलं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती स्टेशनांची भानगड. ही लाइन ज्या रस्त्यावरून जाते त्या युनिव्हर्सिटी अव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या भागात ह्मोंग (लाओसकडून आलेला समाज), व्हिएतनामी लोकांची छोटी दुकानं, हॉटेलं, आणि शेजारी रोंडो, म्हणजे कृष्णवर्णीयांची ती वस्ती जिच्या मधून पूर्वी हायवे काढला आणि शेकडो घरं पाडली. नेमकं याच भागात आधीच्या प्लॅनमध्ये स्टेशनं मैलामैलावर होती! कारण केंद्राचे पैसे मिळायचे ते प्रवासाचा वेळ किती वाचतो या हिशोबावर, मग थांबे वाढले की गाडीला वेळ लागणार आणि प्रोजेक्टचे मार्क कमी होणार. म्हणजे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या दारावरून ट्रेन नुसती सुसाट जाणार, याला विकास कसं म्हणायचं? लोक हटले नाहीत, मीटिंगा, मोर्चे, सगळं केलं, २०१० मध्ये वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्राने, तो हिशोबाचा नियम बदलला आणि वेस्टर्न, व्हिक्टोरिया, हॅमलिन ही तीन स्टेशनं मिळाली.

पुढे रस्ता खणला तेव्हा दुकानदारांचे हाल झालेच, दारासमोरचं पार्किंग बहुतेक गेलं ते कायमचंच. छोट्या धंद्यांना २० हजार डॉलरपर्यंत कर्ज दिलं, अटी पाळल्या तर माफ होणारं. ही कल्पना मला फार आवडली, मेट्रोच्या कामात पुण्या-मुंबईच्या दुकानदारांनी जे सोसलंय ते बघता आपल्याकडे असं काही व्हायलाच हवं होतं. तरी भाडेकरूंची काळजी उरतेच, कारण जागेचा भाव चढला की मालकाचा फायदा आणि दुकान भाड्याचं असेल तर पोटात गोळा, त्यावर कर्जमाफीचा काही उपयोग नाही, तिथे भाडंच आवाक्यात ठेवावं लागतं.