कोपऱ्यात उभे असलेले चौघे

रविवार, रात्र

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, ह्यूस्टन रॉकेट्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स यांच्यातला २०१८ च्या पश्चिम विभागीय अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना आज मी पुन्हा एकदा पूर्ण पाहिला. तो थेट पाहिला तेव्हा आपल्याकडे २९ मेची सकाळ होती, आणि ह्यूस्टनचे लागोपाठ २७ थ्री-पॉइंटर (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) चुकताना पाहून मी सगळा दोष नशिबाला दिला होता. आज तसे म्हणवत नाही.

ह्यूस्टनचे आक्रमण जेम्स हार्डनभोवती बांधलेले होते. तो मधोमध चेंडू घेऊन उभा राहतो, सहकाऱ्याकडून स्क्रीन घेऊन, म्हणजे त्याला बचावपटूच्या वाटेत उभे करून, आपल्याला सोयीचा बचावपटू समोर आणवतो आणि शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट मारण्यासाठी मिळणाऱ्या वेळेचे, बरेच सेकंद खर्ची पडल्यावर आत घुसतो किंवा एक पाऊल मागे घेऊन शॉट मारतो. तोवर बाकीचे थ्री-पॉइंट रेषेबाहेर जागा धरून थांबलेले असतात. त्यांचे हे थांबणे आळसाचे नव्हते, कारण त्यामुळेच बचाव ताणला जाऊन हार्डनला वाट मिळत होती. याच पद्धतीने त्यांनी त्या मोसमात लीगमधले सर्वाधिक, ६५ सामने जिंकले आणि हार्डन सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यामुळे तिला सरसकट नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

पण हा डोलारा दोन खांबांवर उभा होता. पाचव्या सामन्याच्या अखेरीस दुसरा खांब असलेल्या ख्रिस पॉलच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि मालिकेत ३-२ ने पुढे असलेला संघ उरलेले दोन्ही सामने त्याच्याविना खेळला. सातव्या सामन्यात मध्यंतराला ५४-४३ अशी आघाडी होती. शेवट ९२-१०१ असा झाला. ४४ पैकी ७ थ्री आत गेले: हार्डनचे १३ पैकी २, एरिक गॉर्डनचे १२ पैकी २, ट्रेव्हर अरीझाचे ९ पैकी शून्य.

यातले कितीतरी शॉट मोकळे होते, मग हार्डनला बोल का लावायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर शाळेच्या संघातल्या अनुभवातून येते. आमच्याकडेही एकच मुलगी सगळा खेळ चालवत असे आणि मी उजव्या कोपऱ्यात उभी असे. चार-पाच वेळा चेंडू हाताला लागायचाच नाही. मग अचानक यायचा, तेव्हा तळवे गार पडलेले असायचे, गुडघे ताठरलेले असायचे आणि शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आदळायचा. मोकळी मी असायचेच, तयार मात्र नसायचे.

मला सर्वांत जास्त खटकते ते प्रशिक्षक माइक डँटोनी यांच्याबाबत. २००६ मध्ये हेच फिनिक्स संघाचे प्रशिक्षक होते, आणि सरासरी ३५ हून अधिक गुण करणाऱ्या कोबी ब्रायंटच्या लेकर्सना त्यांच्या संघाने १-३ अशा पिछाडीवरून सात सामन्यांत हरवले होते. त्या फिनिक्समध्ये स्टीव्ह नॅशच्या हातात चेंडू असला, तरी इतरांचे पाय सतत चालत असत. बारा वर्षांनी त्याच माणसाने आपला संघ एकट्या-दुकट्याच्या कौशल्यावर सोपवला. हाताशी हार्डनसारखा खेळाडू असताना तो मोह मी समजू शकते. पण पॉल बाहेर गेल्यानंतर त्या दोन सामन्यांपुरते तरी सगळ्यांना हलवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या क्वार्टरमधले काही मिनिटांचे खेळणे मी तीनदा मागे नेऊन पाहिले, आणि या वेळी हार्डनकडे न बघता फक्त अरीझाकडे बघत राहिले.