वरच्या वर्गात

दसऱ्याआधी फळीवरचे डबे उतरवून पुसायला घेतले, की खाली अंथरलेली जुन्या कॅलेंडरची पानं निघतात. त्यांत एक पान एप्रिल २०२५ चं निघालं. कालनिर्णयचं नव्हे. त्याच्या मागे गणिताला जागाच नसते, तिथे पाककृती आणि लेख ठासून भरलेले. हे सोसायटीचं. आमच्या बेळगावात गल्लीगणिक एक पतसंस्था आहे, तिला इथे सोसायटीच म्हणतात, आणि डिसेंबरात ती कॅलेंडर देते. पुढे देवाचं चित्र आणि चेअरमनसाहेबांचा फोटो, मागे पांढरा कोरा कागद. फुटबॉलचा हिशेब करायला याच्याएवढा चांगला कागद बाजारात मिळत नाही.

पानाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने इंग्लंडच्या तीन संघांच्या तीन ओळी होत्या, पहिली आमच्या लीड्सची. लीड्स ४२ सामने ८८ गुण, बर्नली ४२ सामने ८८ गुण, शेफील्ड युनायटेड ४२ सामने ८३ गुण. खाली थोडी आकडेमोड आणि एका आकड्याभोवती गोल. कागदाला तेलाचा डाग पडलाय, पण गोल शाबूत आहे.

त्या गोलातला आकडा म्हणजे वरच्या वर्गात जायला ‘अजून किती गुण हवेत’. तो काढायची रीत सोपी, पण चुकायच्या जागाही ठरलेल्या. इंग्लंडच्या चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्गात, २४ संघ आणि प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन थेट वर, प्रीमियर लीगमध्ये. म्हणून बघायचं ते तिसऱ्याकडे. नवखा माणूस हटकून दुसऱ्याशी तुलना करत बसतो आणि उगाच घाबरतो. तिसऱ्याचे उरलेले सामने गुणिले तीन, अधिक त्याचे आजचे गुण, हे त्याचं कमाल शिखर. इथे चार सामने उरले होते, म्हणजे १२ आणि ८३ मिळून ९५. त्याच्यापुढे एक गुण पाहिजे, म्हणून ९६. त्यातून आपले ८८ वजा. गोलफरक, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल, आपला भक्कम असेल तर बरोबरीतही भागतं आणि एक गुण कमी लागतो. आपण जिंकलो तर आकडा तीनने उतरतो. तिसरा हरला तरी तीनने उतरतो, आपण घरात झोपलेलो असलो तरी. शेवटच्या महिन्यात माणूस आपल्या सामन्यापेक्षा दुसऱ्याच्या सामन्यावर जास्त डोळा ठेवून असतो, तो यामुळे.

दुसरी चूक हातातल्या सामन्याची. कुणाचा तरी सामना पावसाने, गोठलेल्या मैदानाने किंवा चषकाच्या फेरीमुळे पुढे गेलेला असतो. मग ‘त्यांच्या हातात एक सामना आहे’ असं म्हणत लोक ते तीन गुण परस्पर जमा करून टाकतात. हातातला सामना म्हणजे उधारी. वसूल झाली तर झाली. पुढे ढकललेला सामना बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी रात्री येतो, शनिवारच्या दोन सामन्यांच्या मध्ये. दमलेले पाय, बदललेले अर्धे खेळाडू, आणि समोर खालच्या टोकाचा संघ जीव वाचवायला उतरलेला. असले सामने बरोबरीत सुटतात. तिसरी चूक त्या बरोबरीचीच. इंग्लंडात १९८१ पासून विजयाला तीन गुण आहेत, तरी ‘हरलो नाही ना’ यातच समाधान मानणारे अजून आहेत. एक विजय आणि दोन पराभव यांचे गुण तीन, तीन बरोबरींचेही तीनच. सामन्याला सरासरी दोन गुण, म्हणजे हंगामाला ९२, ही वर जाण्याची चाल. जिंकत-हरत ती गाठता येते, बरोबरीने कधीच नाही.

९० गुणांना तर सलग दोन वर्षं दारातून परत पाठवलं. २०२३-२४ मध्ये लीड्स ९० गुण करून तिसरे. पुढच्या वर्षी शेफील्ड युनायटेड ९० करून तिसरे. त्यांचे मैदानावर कमावलेले गुण खरं तर ९२. दुसऱ्या क्लबांची देणी थकवली म्हणून दोन आधीच कापलेले. म्हणून तक्ता मांडताना शेवटच्या रकान्याखालची बारीक टीपही वाचावी.

एक खोड मात्र जाता जात नाही. नाताळाच्या आधी तक्ता बघायचा नाही. तोवर वीसएक सामने झालेले असतात, तरी नाही. डोळा चुकवून बघितला तर पुढचा सामना हरतात, असा पक्का समज. याला पुरावा विचारू नये.

घड्याळाचा घोळ वेगळाच. हिवाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला, जेवणाच्या ताटावर. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात आणि तोच सामना साडेसातला येतो. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी एखादा तरी साडेआठला फोन उघडतो आणि त्याला दुसरा हाफ सुरू झालेला दिसतो. मधल्या वारी पावणेआठचा सामना असेल तर हिवाळ्यात सव्वा एक आणि नंतर सव्वाबारा. मग पांघरुणात फोन, आवाज बंद, ब्राइटनेस सगळ्यात खाली. दोन सामने एकाच वेळी चालू असले तर दुसऱ्याचा फक्त स्कोअर ठेवावा, चित्र एकाचंच. आणि ज्याचं चित्र बघताय त्याच्या नोटिफिकेशन बंद. चित्र खऱ्या खेळाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे चालतं, आणि आपला खेळाडू अजून मध्यरेषेवर चेंडू घेऊन उभा असताना फोन थरथरून गोल सांगून टाकतो. याच्याइतका रसभंग दुसरा नाही.

सकाळी खडेबाजारात चहाला कुणी विचारतंच, “वर आली काय रे तुझी टीम?”

“अजून नाही, खरं येणार.”

हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगाव-कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी सांगितलं, नाहीतर त्याला वाटायचं की इथले लोक फार सत्यवादी.

‘प्रमोशन’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना हेडक्लार्कची खुर्ची आठवते. ‘वर जाणं’ हेच बरं, शाळेसारखं. प्रगतिपुस्तकावर मराठी शाळेत दोन तऱ्हेचे शेरे असायचे, ‘उत्तीर्ण’ आणि ‘वर्गोन्नत’. दुसरा म्हणजे पास झाला नाही, पण मास्तरांनी दया दाखवून वरच्या वर्गात घातला. फुटबॉलमध्ये वर्गोन्नत हा शेरा नाही. आहे ती ऑक्टोबरची परीक्षा, तिला ते प्ले-ऑफ म्हणतात. १९८७ पासून आहे. २०२५ मध्ये तिसरा ते सहावा असे चौघे होते. तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी, दोन-दोन सामने, वरच्याला परतीचा सामना घरच्या मैदानावर. त्यातले दोघे लंडनच्या वेम्बली मैदानावर एक सामना खेळतात आणि जिंकेल तो वर. ४६ सामन्यांची कमाई इथे चालत नाही. २०२५ मध्ये शेफील्डचे ९० आणि संडरलँडचे ७६, चौदा गुणांचं अंतर, आणि वेम्बलीवर ९५ व्या मिनिटाला गोल करून संडरलँड २-१ ने वर गेले. हे अन्यायाचं आहे का? आहे. पण ही परीक्षा नसती तर बाराव्या क्रमांकाच्या संघाला मार्चमध्ये खेळायला कारणच उरलं नसतं. तिसऱ्याचा राग आणि बाराव्याची आशा यांत निवड करायची तर आशेकडेच कल जातो. अर्थात आपला संघ तिसरा नसेल तर.

२०१३ मध्ये प्ले-ऑफचा वॉटफर्ड आणि लेस्टर यांचा परतीचा सामना. दोन सामने मिळून २-२, नव्वद मिनिटांवरचा भरपाईचा वेळही संपत आलेला, आणि लेस्टरला पेनल्टी. गोलकीपर अल्मुनियाने ती अडवली. परत आलेल्या चेंडूवर पुन्हा फटका, तोही अडवला. तिथून चेंडू थेट दुसऱ्या टोकाला गेला आणि ट्रॉय डीनीने गोल मारला. पेनल्टी आणि गोल यांच्यात पुरता अर्धा मिनिटही नाही. वॉटफर्डचे लोक मैदानात शिरले. आणि मग? मग वेम्बलीवर क्रिस्टल पॅलेसकडून ते ०-१ हरले. ही शेवटची ओळ त्या गोलाची चित्रफीत बघणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

आणखी खाली, पाचव्या पायरीवर, २०२२-२३ मध्ये थेट वर जायला जागा एकच होती. रेक्सहॅमने १११ गुण केले. नॉट्स काउंटीने १०७, आणि ते दुसरे. एकशे सात गुण करून ऑक्टोबरला बसायचं! ते बसले आणि पास झाले. रेक्सहॅम मात्र पुढची दोन वर्षंही वर वर जात राहिले, तीन वर्षांत तीन इयत्ता.

वर गेल्यावर काय होतं, याबद्दल चाहते बोलत नाहीत. २०२३ मध्ये वर गेलेले तिघे, बर्नली, शेफील्ड आणि लूटन, वर्षात खाली आले. २०२४ मध्ये गेलेले लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन, तेही तिघे. कारण गूढ नाही. खालच्या वर्गात जो संघ सत्तर टक्के वेळ चेंडू स्वतःकडे ठेवून जिंकला, त्याला वर चेंडूच मिळत नाही. बचावफळी इतकी वर उभी राहायला शिकलेली असते, की पाठीमागच्या मोकळ्या जागेत वरच्या वर्गातले पळणारे घुसतात. आणि पैसा. वर गेलेला क्लब उन्हाळ्यात सात-आठ नवे खेळाडू आणतो, ते एकमेकांना ओळखेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो.

आपल्या इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएलला, शिडीच उशिरा लागली. आयएसएल २०१४ ला सुरू झाली, आणि खालून जिंकून वर येणारा पहिला संघ २०२३ चा, पंजाब. मग २०२४ ला मोहम्मेडन. त्या दोन्ही वर्षी वरून खाली मात्र कुणी गेलं नाही. चोर्ल्याच्या घाटातून खाली उतरलं की गोवा, तिथल्या धेंपोचं उदाहरण तर कुणालाही चक्रावून टाकेल. पाच वेळा देशाचे विजेते, २०१५ मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय स्पर्धेतून खाली घसरले, २०१६ मध्ये दुसऱ्या विभागात पहिले येऊन वर जायला पात्र झाले, आणि भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून स्पर्धेतूनच बाहेर पडले. पास होऊन वर्गात बसलेच नाहीत. पुन्हा आय-लीगमध्ये यायला २०२४ उजाडलं.

उत्तरेला कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, नावं तालमींची आणि खेळ फुटबॉलचा. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ सामना असला की गुणतक्ता ही फार शहाणी गोष्ट वाटते. आणि मध्ये आमचं बेळगाव. कॅम्पात चेंडू, टिळकवाडीत लेले मैदान, सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडींच्या नावाची स्पर्धा. पोरं चांगली खेळतात. पण इथल्या स्पर्धा बहुतेक चषकाच्या, हरलं की घरी. तक्ता नाही, म्हणून चौथा क्रमांक नाही, उरलेले सामने नाहीत, बेरीज नाही. राज्याची सुपर डिव्हिजन बेंगळुरात, पाचशे किलोमीटरवर. एखाद्याला वर जायचंच तर तो एकटा जातो, गोव्याला नाहीतर बेंगळुरला, खांद्यावर बॅग टाकून. संघ मागेच राहतो.

आता इथे आमच्या भागातला माणूस लीड्सची बाजू का घेतो, असं कुणी विचारेल. २००४ साली ते प्रीमियर लीगमधून खाली आले आणि परत वर जायला २०२० लागलं. सोळा वर्षं. सीमाभागात हा आकडा कुणाला मोठा वाटत नाही. १९५६ पासून आमचं नाव कोणत्या यादीत असावं याचा वाद चाललाय, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. लीड्सचं बरं होतं. दरवर्षी मेमध्ये सामने संपायचे, तक्ता बंद व्हायचा, वर किंवा खाली ते कळायचं.

तर ते कॅलेंडरचं पान. २१ एप्रिलला लीड्सने स्टोकला ६-० हरवलं, त्यातले चार गोल एकट्या पिरोचे. आणि रात्री बर्नलीने शेफील्डला २-१ हरवल्यावर दोघेही एकदम वर. शेवटी दोघांचेही गुण १००. बर्नलीने ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, तरी लीड्स पहिले, कारण त्यांचा गोलफरक ६५ आणि बर्नलीचा ५३.

पानावरच्या गोलात नऊ लिहिलंय. आज पुन्हा मांडून बघितलं. ९६ वजा ८८, आठ. तो जास्तीचा एक दोनदा धरलेला. पूर्ण एप्रिल नऊ समजूनच काढला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुसलेला डबा परत त्याच्यावर ठेवला. शेंगदाण्यांचा आहे, जड. पान हलत नाही.