‘थकबाकी शिल्लक आहे’: फॅमिली पोस्टपेड सोडून स्वस्त प्रीपेडवर जाण्याचा माझा अनुभव

आमच्या घरी दोन मोबाइल क्रमांक एकाच फॅमिली पोस्टपेड प्लॅनवर होते. मुख्य क्रमांक यजमानांचा आणि माझा त्याला जोडलेला, म्हणजे कंपनीच्या भाषेत ‘ॲड-ऑन’. प्लॅन ६९९ रुपयांचा होता. परंतु पोस्टपेडच्या जाहिरातीतील आकडा जीएसटी वगळून असतो, त्यामुळे १८ टक्के कर धरून दरमहा ८२४ रुपये ८२ पैसे ऑटोपेने वळते होत असत. वर्षाचे हे जवळजवळ ९,९०० रुपये होतात. घरात फायबरचे वाय-फाय आहे आणि मी निवृत्त असल्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ घरीच असते. फोन मला लागतो तो बोलण्यासाठी आणि बँकेच्या ओटीपीसाठी. जो डेटा मी कधी वापरलाच नाही, त्याचे पैसे मी वर्षानुवर्षे भरत होते. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, तेव्हापासून ही गोष्ट मनाला अधिकच खुपू लागली.

ज्यांना डेटा नको आहे त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएस देणारी व्हाउचर ठेवणे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डिसेंबर २०२४ मधील दुरुस्तीने कंपन्यांना बंधनकारक केले आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्यासही परवानगी दिली. त्यानंतर असे प्लॅन बाजारात आले खरे, परंतु ते ॲप उघडल्याबरोबर समोर येत नाहीत. दररोज दीड-दोन जीबीवाल्या रंगीत चौकटी ओलांडून यादीच्या तळाशी जावे लागते. मी निवडलेला प्लॅन दुसऱ्या कंपनीचा, १,८४९ रुपयांचा, ३६५ दिवसांचा, अमर्याद कॉल आणि ३,६०० एसएमएस देणारा आहे. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो, म्हणून वर आणखी काही द्यावे लागत नाही. यजमान कामानिमित्त बाहेर फिरतात, त्यांना डेटा लागतो; त्यांच्यासाठी ८४ दिवसांचा ८५९ रुपयांचा प्लॅन ठरवला. दोन्ही मिळून वर्षाला साधारण ५,६०० रुपये होतात, म्हणजे सव्वाचार हजारांहून अधिक बचत. (प्लॅनची तुलना महिन्याच्या हिशेबाने करू नये, दिवसांच्या हिशेबाने करावी. २८ दिवसांच्या प्लॅनला वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात.)

फोन माझा स्वतःचा, रोख पैसे देऊन घेतलेला आणि कोणत्याही कंपनीला बांधलेला नव्हता, त्यामुळे त्या बाजूने काहीच अडचण नव्हती. नव्या कंपनीच्या जाळ्यावर त्यात व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालते की नाही, एवढेच पाहायचे होते. आमच्याच इमारतीत त्याच मॉडेलचा फोन त्या कंपनीच्या सिमवर वापरणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडून ते समजले. घराच्या आतल्या खोलीत त्या कंपनीची रेंज किती मिळते, हेही त्यांचाच फोन घरी आणून पाहिले. कंपनीच्या संकेतस्थळावरील नकाशापेक्षा मला ही पद्धत अधिक विश्वासाची वाटते.

यानंतर जे घडले ते नियमाप्रमाणे काही मिनिटांचे काम होते. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलणे, याला ‘पोर्ट’ करणे म्हणतात. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक लिहायचा आणि तो संदेश १९०० वर पाठवायचा. उत्तरादाखल १९०१ वरून आठ अक्षरांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंग कोड, येतो. मला कोड आला नाही. आला तो नकार: आपल्या क्रमांकावर थकबाकी शिल्लक आहे.

बिल आदल्याच आठवड्यात वळते झाले होते. बँकेच्या खातेउताऱ्यात नोंद होती, यजमानांच्या ॲपमध्ये ‘देय रक्कम शून्य’ असे दिसत होते आणि भरणा झाल्याचा कंपनीचाच संदेश आलेला होता. दोन दिवस थांबून पुन्हा संदेश पाठवला, तरी उत्तर तेच आले. म्हणून बिल, पावती आणि आधार कार्ड घेऊन कंपनीच्या गॅलरीत गेले.

तेथे टोकन घेऊन बसल्यावर बऱ्याच वेळाने माझा क्रमांक पुकारला गेला. काउंटरवरील मुलगा सौजन्याने बोलत होता, हे मुद्दाम नमूद करते. त्याने पडदा पाहिला आणि म्हणाला, “काकू, सिस्टीममध्ये ड्यू दाखवतंय.” किती, असे विचारल्यावर तो म्हणाला, “ते ॲड-ऑनला वेगळं दिसत नाही, प्रायमरीला दिसतं.” प्रायमरीला किती दिसते, तर शून्य. मग माझ्या क्रमांकावर थकलेली रक्कम नेमकी कोणती, याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्या शेजारच्या बाईंनी वेगळेच कारण दिले: चालू महिन्याचे ‘अनबिल्ड’, म्हणजे अजून बिलात न आलेले, शुल्क जमा झालेले आहे, ते आधी भरा, मग कोड येईल. ते किती आणि कोठे भरायचे, असे विचारले, तर बिल निघाल्याशिवाय ते भरता येत नाही! म्हणजे बिल निघाल्याशिवाय भरता येत नाही आणि भरल्याशिवाय सुटका नाही. आणि एक बिल भरून होते न होते तोच पुढच्या बिलाचा मीटर सुरू झालेला असतो, म्हणजे या हिशेबाने पोस्टपेडचा ग्राहक कधीही बाहेर पडू शकणार नाही.

नियम असे म्हणत नाही, हे मला घरी आल्यावर वाचून समजले आणि वाचकांनी तो नीट समजून घ्यावा म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिते. पोस्टपेड ग्राहकाने नेहमीच्या बिलचक्रानुसार निघालेल्या बिलाची थकबाकी चुकती केलेली असावी, एवढीच अट आहे. अजून न निघालेले बिल त्यात येत नाही. उरलेल्या महत्त्वाच्या अटी अशा, की क्रमांक सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस चालू असावा, नावबदलाचा अर्ज प्रलंबित नसावा, मुदतीआधी बाहेर पडण्यासंबंधीचा काही करार शिल्लक नसावा आणि क्रमांकासंबंधी न्यायालयात वाद नसावा. १६ डिसेंबर २०१९ पासून कोड देण्याचे काम स्वतंत्र पोर्टिंग संस्था करते. परंतु कोड देण्यापूर्वी ती या अटींविषयी जुन्या कंपनीच्याच संगणकाला तत्क्षणी विचारते. त्या संगणकाने ‘थकबाकी’ असे म्हटले की नकाराचा संदेश लगेच निघतो. म्हणूनच नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन काही उपयोग होत नाही. कुलूप जुन्या कंपनीच्या दारालाच असते.

मग १९८ वर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांकाचा संदेश आला आणि त्यानंतर दुसऱ्याच दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असाही संदेश आला. निराकरण काय झाले, हे त्यात नव्हते. त्याच संध्याकाळी पुन्हा १९०० वर संदेश पाठवला, तर पुन्हा थकबाकी! ‘निराकरण झाले आहे’ या एका वाक्यामुळे मला जितका संताप आला, तितका त्या नकारामुळेही आला नव्हता. कारण तक्रार बंद झाली की फोनवरील प्रत्येक नवा प्रतिनिधी ‘मॅडम, तुमची तक्रार तर सोडवली गेलेली दिसतेय’ असे म्हणून आपल्याला आरंभापाशी आणून उभे करतो आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला लावतो. त्यांपैकी एकाने तर मला फॅमिली प्लॅनमधून बाहेर पडून आधी स्वतंत्र पोस्टपेड घ्या, त्याचे एक बिल निघू द्या, ते भरा आणि मग पोर्ट करा, असा सल्ला दिला. महिन्याभराचे स्वतंत्र भाडे कोणाच्या खिशातून जाणार होते, हे सांगायला नको.

अशा वेळी ज्या मार्गाचा उपयोग होतो तो अपिलाचा. प्रत्येक कंपनीकडे तक्रारीच्या वर अपील प्राधिकारी असतो. तक्रारीच्या निकालाने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत त्याच्याकडे जाता येते, शुल्क लागत नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा ईमेल पत्ता असतो, फक्त तो तळाच्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो. मी ईमेलमध्ये चारच गोष्टी लिहिल्या: तक्रार क्रमांक, भरलेल्या बिलाचा क्रमांक व तारीख, नकाराच्या संदेशांची छायाचित्रे आणि एकच प्रश्न: माझ्या क्रमांकावर किती रुपयांची, कोणत्या तारखेच्या बिलाची थकबाकी आहे, ते लेखी कळवावे. संतापाचा एकही शब्द लिहिला नाही, याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. कारण मनात पुष्कळ होते.

मुदत संपण्याच्या पुष्कळ आधीच एका बाईंचा फोन आला. त्यांनी शांतपणे सांगितले की ऑटोपेची रक्कम संपूर्णपणे मुख्य क्रमांकाच्या खात्यात जमा होत होती आणि ॲड-ऑनच्या खात्यात त्याच्या वाट्याची नोंद वळती झालेली नव्हती. ग्राहकाला हे खाते दिसत नाही, काउंटरवरच्या मुलाला दिसत नाही, पण पोर्टिंगच्या प्रश्नाला उत्तर तेथूनच जाते. त्यांनी नोंद दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळायच्या आधी संदेश पाठवला आणि गॅस बंद करेपर्यंत कोड आला होता. पहिली दोन अक्षरे जुन्या कंपनीची आणि सर्कलची, म्हणजे तिच्या सेवाक्षेत्राची, असतात, हे माहीत असल्यामुळे तीही आधी तपासून घेतली.

पुढचे सारे सुरळीत झाले. कोड चार दिवसच चालतो, म्हणून त्याच दिवशी नव्या कंपनीच्या दुकानात गेले. आधार, बोटाचा ठसा, जागेवरच काढलेला फोटो, आणि सिम हातात. दुकानदाराने पहिले रिचार्ज म्हणून डेटाचा प्लॅन गळ्यात मारण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पोर्ट होऊन येणाऱ्यांसाठीच्या त्याच्या ‘एफआरसी’, म्हणजे पहिल्या रिचार्जच्या, यादीत माझा वार्षिक प्लॅन नव्हताच. तेव्हा त्यातले सर्वांत स्वस्त २८ दिवसांचे घेतले आणि ते संपताच ॲपमधून १,८४९ चे भरले. सिम घेण्यापूर्वी हे विचारून ठेवावे.

माझा क्रमांक मूळचा डोंबिवलीचा, म्हणजे मुंबई सर्कलचा, आणि मी आता नाशिकला, म्हणजे महाराष्ट्र व गोवा सर्कलमध्ये राहते. एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत. या अवधीत जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. ज्या कंपनीला माझी थकबाकी सापडत नव्हती, तिला माझ्यासाठी निम्म्या दराचा प्लॅन मात्र लगेच सापडला. मी नकार दिला.

काही गोष्टी लिहिता लिहिता आठवल्या. फोनमध्ये दोन सिम असतील तर १९०० वरचा संदेश ज्या क्रमांकाला पोर्ट करायचे त्याच सिमवरून जातो आहे ना, हे पाहावे. विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत ‘कॅन्सल’ आणि क्रमांक लिहून १९०० वरच पाठवता येते. सिम हरवले किंवा खराब झाले म्हणून नवे घेतले असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्यानंतर सात दिवस पोर्टिंग कोड मिळत नाही. जुने सिम ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागेपर्यंत काढू नये. ज्या दिवशी क्रमांक वळणार असेल त्या दिवशी बँकेचे कोणतेही काम ठेवू नये, कारण सिम बदलल्यावर यूपीआयचे ॲप पुन्हा पडताळणी मागते आणि त्यासाठी नव्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. फॅमिली प्लॅन असेल तर आधी ॲड-ऑन क्रमांक बाहेर काढावा आणि मुख्य क्रमांक नंतर. आमच्याकडे हाच क्रम ठेवल्यामुळे अपिलाच्या वेळी मुख्य खाते चालू होते आणि जुनी बिले ॲपमधून काढता आली.

पोर्ट झाल्यानंतरही एक बिल येते, कारण शेवटच्या दिवसापर्यंतचा वापर त्यात धरलेला असतो. ते किरकोळ वाटले तरी भरावेच. न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीकडून क्रमांक बंद करवू शकते. अनामत ठेव भरलेली असेल, तर तीही याच वेळी लेखी मागावी. यजमानांचा क्रमांक पुढचे बिल भरून झाले की वळवायचा आहे आणि ऑटोपे त्यानंतर, शेवटची पावती हातात आल्यावर, मी बँकेच्या ॲपमधूनच रद्द करणार आहे. कंपनीच्या ॲपवरील ‘शून्य’वर माझा आता विश्वास राहिलेला नाही.