आमची वाटचाल: पाळीच्या तक्रारी, सुया आणि एक तास

पाळीच्या तक्रारींवर चिनी वैद्यकाने, म्हणजे ॲक्युपंक्चरच्या सुया आणि जडीबुटींनी उपचार करणाऱ्या आमच्या चिकित्सालयात पहिली भेट तासाभराची असते. सुरुवातीपासून हा नियम आम्ही मोडलेला नाही आणि व्यवसायाचं सगळं गणित त्याभोवतीच बसवलंय. तासाला एकच बाई तपासायची म्हटलं की दिवसाच्या भेटी मोजक्याच होतात आणि जागेचं भाडं, मदतनीसांचे पगार त्यातूनच निघायला लागतात. सुरुवातीच्या काळात ते निघत नव्हते, पदरमोड करावी लागली. भेटीची वेळ अर्धी करा, असा सल्ला हिशेब बघणाऱ्यांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांनी दिला. तो ऐकला असता तर हे काम सुरू ठेवण्यात मला रस उरला नसता.

मी मुळात फिजिओथेरपिस्ट. बाळंतपणानंतरची कंबरदुखी आणि ओटीपोटाच्या स्नायूंची कमजोरी यांवर काम करायचे. टेबलावर आडव्या झालेल्या बायका कंबरेबद्दल दोन वाक्यं बोलायच्या आणि मग खरं दुखणं बाहेर यायचं. पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, अंगावरून फार जातं, पाळीच्या आधी आठवडाभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही, दिवस राहत नाहीत. काहींचं निदान झालेलं असायचं, औषधं चालू असायची. पण बऱ्याच जणींचे रिपोर्ट नॉर्मल होते आणि तरीही त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी काय करता येईल, हे शोधता शोधता मी चिनी वैद्यकापर्यंत पोचले आणि ते शिकायला चीनला गेले.

तिथल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि सुया एकाच छपराखाली असतात. आमच्या शिक्षिका आधी रिपोर्ट वाचायच्या, मग जीभ पाहायच्या, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघायच्या, आणि विचारत राहायच्या. विचारायची ही पद्धत जुनी आहे. मिंग काळातल्या झांग जिंगयुए (१५६३-१६४०) या वैद्याने तपासणीचे दहा प्रश्न पद्यात बांधले, आणि नंतरच्या वैद्यांनी त्यांत स्त्रियांच्या पाळीची चौकशी घातली. थंडी वाजते की उष्णता जाणवते, घाम कधी येतो, शौच-लघवी कशी, भूक कशी, तहान लागते का. सातव्या शतकातला सुन सिमियाओ तर म्हणून गेला की स्त्रियांचे आजार पुरुषांच्या आजारांपेक्षा दहापट अवघड असतात, कारण गर्भारपण, बाळंतपण आणि रक्तस्राव त्यांच्या वाट्याला येतात. आमच्या पहिल्या भेटीचा कागद याच प्रश्नांवरून तयार झाला. त्यात आम्ही झोपेची वेळ, व्यायाम आणि चालू असलेल्या गोळ्या घातल्या.

एका भेटीत काय होतं ते सांगते. समजा तिशीची बाई आलीय, पाळी चाळीस-पन्नास दिवसांनी येते, हनुवटीवर केस, वजन वाढलेलं. तपासणीत पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा विकार, निघालाय. पाळीच्या आधी तिची छाती भरून येते, चिडचिड होते, पाय गार पडतात, जेवणानंतर पोट फुगतं. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसतात, वर पांढरा जाड थर. आमच्या भाषेत तिच्या यकृताची ‘ची’, म्हणजे शरीरात वाहणारी शक्ती, अडकलीय, प्लीहा थकलीय आणि ओलावा साठलाय. यातलं यकृत म्हणजे रक्ततपासणीतलं यकृत नव्हे, हे आम्ही लगेच सांगतो, नाहीतर ऐकणारी घाबरते. मग तिच्या पाळीचे टप्पे पाहून उपचार ठरतात. पाळी संपल्यावर रक्त आणि यिन (शरीराला थंडावा आणि पोषण देणारी बाजू) भरून काढायचं, बीज सुटायच्या सुमाराला चलनवलन वाढवायचं, त्यानंतर यांगला (ऊब आणि हालचाल देणाऱ्या बाजूला) ऊब द्यायची, आणि पाळी जवळ आली की अडकलेलं मोकळं करायचं.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा बिंदू म्हणजे सानयिनजियाओ. घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकावर करंगळी ठेवायची, चार बोटं वर मोजायची आणि नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबायचं. पाळी बिघडलेल्या बाईला तिथे ठणका जाणवतो, असा माझा अनुभव आहे. प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तिन्ही वाहिन्या इथे भेटतात, असं शास्त्र सांगतं. हा बिंदू घरी दाबायला आम्ही शिकवतो. गर्भारपणात मात्र तो वापरत नाही, आणि दिवस राहिल्याची शंका असली तरी आधी विचारा, असं बजावून सांगतो.

आमच्या वाटचालीतलं खरं वळण संशोधनामुळे आलं. पीसीओएस असलेल्या १,००० चिनी स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बीज सुटण्यासाठी देतात त्या क्लोमिफिन या गोळीने बाळ जन्माला येण्याचं प्रमाण वाढलं, सुयांनी वाढलं नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांचा अभ्यास आला. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या) वेळी सुया टोचल्याने तिथेही बाळ होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्यांत मूल हवं असणाऱ्या जोडप्यांचा वाटा मोठा होता. हे निष्कर्ष झाकून ठेवून धंदा चालला असता. आम्ही ते संमतीपत्राच्या पहिल्या पानावर घातले: इथे गर्भ राहण्याची हमी मिळत नाही, बीज सुटण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.

पुढचे काही महिने भेटी घटल्या, भाड्याच्या तारखेला पोटात गोळा यायचा. मग हळूहळू उलटं घडायला लागलं. स्त्रीरोगतज्ज्ञ आपणहून रुग्ण पाठवू लागले, कारण आम्ही त्यांची औषधं थांबवत नाही आणि तपासण्यांशिवाय कुणाला टेबलावर घेत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पाळीच्या वेदना, झोप, चिंता, पाळी जाण्याच्या काळातले गरम झोत, आयव्हीएफच्या धावपळीतला ताण, यांसाठी बायका येऊ लागल्या. आज आमचा जम बसलाय तो या कामावर. आणि तास तोच आहे.

जडीबुटींच्या बाबतीत मी फार हळू पावलं टाकली, आणि ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी जडीबुटींच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. स्टेफानिया या वनस्पतीच्या मुळाऐवजी त्यात ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीचं मूळ गेलं होतं. दोन्हींची चिनी नावं मिळतीजुळती आहेत. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने मूत्रपिंड तर जातंच, मूत्रमार्गाचा कॅन्सरही होतो. म्हणून आम्ही प्रत्येक खेपेची ओळख पटवणारा आणि जड धातूंच्या तपासणीचा दाखला असल्याशिवाय पुडी उघडत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दांगगुई हे चिनी औषधी मूळ द्यायचंच नाही. ते चार औषधींच्या जुन्या सीवू काढ्यात असतं आणि पाळीसाठी सर्रास सुचवलं जातं, म्हणून त्याचा उल्लेख मुद्दाम करते.

सुयांइतकाच वेळ दिनचर्येवर जातो. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटवल्यानेही पाळी सुधारू शकते, हे आम्ही सांगतो. पण आधी झोप सावरतो. रात्री एकपर्यंत फोन बघणारीला वजन उचलायचे व्यायाम सांगून उपयोग होत नाही. सकाळचा उजेड, ठरलेल्या वेळी जेवण, आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम, आणि पाळीची वही. वहीत तारीख, रक्ताचं प्रमाण, दुखणं आणि मनःस्थिती लिहायची. तीन पाळ्यांची वही हातात आली की उपचार कुठे लागू पडतोय आणि कुठे नाही, हे आम्हा दोघींनाही दिसतं. लागू पडत नसेल तर आम्ही थांबतो.

काही तक्रारी मात्र आम्ही घेतच नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणं, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली कळ, संबंधांनंतर रक्त जाणं. फोनवर हे ऐकलं की भेट देऊ नका, असं मदतनीसांना शिकवून ठेवलंय.

सध्या मॉक्सासाठी, म्हणजे वाळवलेली औषधी पानं जाळून बिंदूंना शेक द्यायच्या उपचारासाठी, वेगळी खोली बांधतोय. आर्टेमिसिया या वनस्पतीच्या पानांचा धूर बाहेर काढायला पंखा आणि नळी लागते, दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होतो. खोली तयार झाली की पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांचा गट सुरू करू. पहिल्या भेटीला येताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, थायरॉइड आणि साखरेचे रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणा. दुकानातून स्वतः आणलेल्या ‘नैसर्गिक’ गोळ्याही त्या यादीत लिहा.