सराफ्याची रात्र, वीस सेकंदांत

इंदुरात आमच्या ओळखीतला एक मुलगा रात्री गेम खेळत लाइव्ह येतो. त्याला तीन स्क्रीन हव्या होत्या: सुरू होण्याआधीची, ब्रेकची आणि शेवटची. ‘ताई, ते जांभळं निऑन नको, सगळ्यांकडे तेच असतं. आपला सराफा पाहिजे,’ एवढंच त्याचं म्हणणं.

मला ते लगेच पटलं. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, आणि दुकानांची शटर पडली की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, जलेबी. दिवे, कढया, वाफ, सगळं हलतं. पण या स्क्रीन म्हणजे लूप, संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा छोटा व्हिडिओ. त्यात हलणारी गोष्ट निघाली तिथेच परत यावी लागते, आणि वाफ काही परत येत नाही.

आधी लांबी ठरवली. 20 सेकंद, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 600. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून 0 ते 599 एवढ्याच फ्रेम व्हिडिओत काढल्या. पुढची फ्रेम पहिलीसारखीच असते, तीही घेतली तर सांध्यावर चित्र किंचित अडखळतं. मग प्रत्येक गोष्टीला 20 ला पूर्ण भाग जाणारा काळ दिला: दिव्यांच्या माळेला 4 सेकंद, टांगलेल्या बल्बला 5, वाफेला 10. हे सगळे एकदम जुळतात ते थेट विसाव्या सेकंदाला. गोष्टी आपोआप वेड्यावाकड्या हलवणारं विगल एक्सप्रेशन मात्र वापरलं नाही, कारण ते आपणहून मूळ जागी येत नाही.

वाफेचे दोन थर केले, अर्ध्या चक्राच्या अंतराने. एक वर चढत विरतो तेव्हा दुसरा दाट होत असतो. पहिला पुरता दिसेनासा झाला की त्याला गुपचूप खाली आणून सोडायचं. वाफेला धड कडा नसतात, त्यामुळे ही चोरी पकडली जात नाही.

दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलायचा, ही त्याची हौस. हातातून निघून हातातच येतो, म्हणजे लूपसाठी तयारच. तरी पहिल्या स्क्रीनवर मी तो घेऊ दिला नाही. तिथे लोक दहा-दहा मिनिटं वाट बघतात, आणि एखादी ठसठशीत गोष्ट पुनःपुन्हा घडली की लूप उघडा पडतो. ब्रेकच्या स्क्रीनवर तो गेला. चॅटमधली मंडळी आता झेल मोजत बसतात. त्याला ते फार आवडतं, मला अजूनही नाही.

भट्टीच्या ठिणग्या मात्र मी स्वतःच काढून टाकल्या. माझ्या संगणकावर सुंदर दिसत होत्या, पण तो 6000 केबीपीएसवर स्ट्रीम करतो, म्हणजे सेकंदाला 6000 किलोबिट एवढाच डेटा जातो. दर फ्रेमला शेकडो बारीक ठिपके बदलले की तेवढ्यात कॉम्प्रेशनला पुरत नाही, आणि सगळ्या चित्राचे चौकोन पडतात. सपाट रंगांचे मोठे भाग आणि संथ हालचाल, हेच तिथे टिकतं.

ओबीएसमध्ये, म्हणजे तो ज्यातून लाइव्ह जातो त्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हिडिओ मीडिया सोर्स म्हणून जोडून लूपवर टिचकी मारली. संगीत व्हिडिओत घातलं नाही, वेगळा सोर्स ठेवला. वीस सेकंदांची धून दहा मिनिटं ऐकवली तर कोण थांबेल! स्क्रीन बदलताना मधे सरकणाऱ्या शटरला पारदर्शक भाग लागतो, तो नेहमीच्या एमपी4 मध्ये टिकत नाही, म्हणून तेवढी फाइल वेबएम या दुसऱ्या व्हिडिओ प्रकारात दिली. शेवटच्या स्क्रीनवरची नावं आणि वेळापत्रकही व्हिडिओत न भाजता ओबीएसच्याच मजकुरात ठेवलं. स्ट्रीमची वेळ तो दर आठवड्याला बदलतो. ती त्याची त्याने टाइप करावी.